रेवेकाठी, कॅसेट घेऊन

रथसप्तमीच्या सकाळी वहिनींनी अंगणात गोवरीवर दूध उतू घातलं, उरलेलं आम्हा दोघांना कपात ओतून दिलं आणि आम्ही धंतोलीतून निघालो. दादाच्या खांद्याला एक झोळी होती. झोळीत एक धाबळी, संत्री आणि एक कॅसेट. ती वाजवायला आता घरात काही उरलेलं नाही.

"कॅसेट कशाला घेऊन राहिला?" मी विचारलं.

"राहू दे ना. तिलाही दाखवू नदी."

रथसप्तमीलाच नर्मदाजयंती असते. माघ शुद्ध सप्तमी. होशंगाबादच्या सेठानी घाटावर त्या संध्याकाळी दिवे सोडतात, हे आम्ही वीस वर्षांपासून ऐकत होतो. 2022 साली त्या गावाचं नाव नर्मदापुरम झालं, तरी आमच्या तोंडी होशंगाबादच आहे. नागपूरहून तीनशेच्या थोडं वर किलोमीटर. एका दिवसात जाण्यासारखं, आणि म्हणूनच बहुधा राहत गेलं.

ऑटो यशवंत स्टेडियमवरून स्टेशनकडे निघाला तेव्हा दवाखान्यांच्या गल्ल्यांत गर्दी सुरू झाली होती. धंतोली म्हणजे दवाखाने. विदर्भातून येतात तितकेच पेशंट बैतुल, छिंदवाडा, बालाघाटकडून येतात. त्यातल्याच एका गल्लीत दादाचं औषधाचं दुकान आहे आणि या प्रवासाची सुरुवात खरं तर त्या दुकानातच झाली.

2000 साली 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडची 'कंदिसा' ही कॅसेट आली. दादाने ती सीताबर्डीतून आणली. रॉक म्हटलं की आमच्या डोक्यात काही ठरावीक गोष्टी होत्या, त्यातलं इथे फारसं काही नव्हतं. सुष्मित सेनची गिटार, अमित किलमचे ड्रम, राहुल रामची बास गिटार आणि मांडी घालून तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती. शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी अ‍ॅरमाइक प्रार्थना. एक शब्द कळत नव्हता, आणि दादा ती ऐकताना डोळे मिटून बसायचा. पण त्याचं सगळ्यात लाडकं गाणं 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या निर्मळ, खळखळत्या पाण्याचं आणि अमरकंटकहून निघून तिने केलेल्या लोकांच्या सेवेचं कौतुक, एवढंच त्या गाण्यात आहे. गाणं बँडने रचलेलं नाही. राहुल राम नव्वदीच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. खोऱ्यातल्या लोकांकडून त्याने ते उचललं. त्याच सुमाराला, 1990 साली, आमचे वरोऱ्याचे बाबा आमटे आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला नर्मदेकाठी राहायला गेले होते. हिंगणघाटात जन्मलेला म्हातारा माणूस आणि दिल्लीचा बास वाजवणारा तरुण, दोघांना त्या एकाच पाण्याने ओढून नेलं, हे मला कळलं तेव्हापासून ते गाणं मला आमच्या भागाचंही वाटत आलं आहे.

दादा रात्रपाळीला टेप लावायचा, आवाज अगदी बारीक ठेवून. एका रात्री दोनच्या सुमारास एक माणूस काउंटरशी आला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, अंगात घामाने विटलेला सदरा. मीही तेव्हा दुकानात होतो. दादा सलाइनच्या बाटल्या काढत होता आणि 'मा रेवा' सुरू होतं. तो माणूस चिठ्ठी पुढे करायची विसरला. त्याचे ओठ हलायला लागले. एका ओळीनंतर त्याने गाण्याच्या पुढे जाऊन पुढची ओळ म्हटली, आणि मग टेपमधून तीच ओळ आली. काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकून तो रडला. बायको वर आयसीयूत होती. "ये हमारे घाट का है भैया," तो म्हणाला, "मेरी अम्मा गाती है." दादाने टेप मागे नेऊन गाणं पुन्हा लावलं. जाताना तो म्हणाला, जयंतीला या, सेठानी घाटावर. तो पुन्हा दुकानात आला नाही. त्याच्या बायकोचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. दादा मात्र त्या रात्रीनंतर ते गाणं 'आपल्या बँडचं' म्हणेनासा झाला.

काटोल, नरखेड मागे पडलं. संत्र्यांच्या बागा खिडकीतून सरकत होत्या. पांढुर्ण्यापासून मध्य प्रदेश लागतो, पण डब्यातली मराठी तशीच राहते. समोरच्या आजी मुलताईपर्यंत आमच्याशी शेतीबद्दल बोलत होत्या. मुलताई म्हणजे तापीचं उगमस्थान. उतरताना त्यांनी खिडकीतून गावाच्या दिशेने हात जोडले. बैतुलनंतर सातपुड्याचा घाट सुरू झाला. बोगदे, साग, मधूनच एखादा पेटलेला पळस. अंधार आला की डब्यातलं बोलणं थांबायचं आणि उजेड आला की तुटलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू व्हायचं.

दादाने घाटात असीमचा विषय काढला. 25 डिसेंबर 2009 ला असीम चक्रवर्ती गेला. दवाखान्याच्या गल्लीत औषधाचं दुकान बंद ठेवता येत नाही, दादाने ते ठेवलंही नाही. पण तेरा दिवस टेप लावला नाही. सख्ख्या नात्यातलं सुतक असावं तसं. वहिनी काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी बँडने '16/330 खजूर रोड' हा अल्बम काढला. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा तो पत्ता. महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, फुकट. असीमचा आवाज त्यात होता. दादा दर महिन्याला नेट कॅफेत जाऊन गाणं उतरवून आणायचा. "माणूस गेल्यावरही दर महिन्याला त्याची चिठ्ठी येत होती," तो मला बोगद्याच्या अंधारात म्हणाला. त्याचा चेहरा मला दिसला नाही.

इटारसीनंतर होशंगाबाद अगदी जवळ. स्टेशन नर्मदेच्या अलीकडेच आहे, पुलाच्या आधी, त्यामुळे उतरलो तरी नदी दिसली नाही. गर्दीच्या मागे चालत गेलो आणि घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन दादा थांबला. समोर एवढं पाणी होतं आणि ते चालत होतं. मला आधी जाणवलं ते हेच. गाण्यात पाणी वाहत जातं असं म्हटलंय, पण ज्या खोऱ्यात राहुल राम फिरला तिथे ते आता वाहत नाही. खाली पुनाशाला इंदिरासागर धरण आहे. 2004 साली हरसूद हे अख्खं शहर त्यात गेलं. त्याच्याही खाली, आपल्या नंदुरबारचं मणिबेली सरदार सरोवरात गेलं. ते धरण 138.68 मीटरपर्यंत चढलं. ज्यांनी हे गाणं राहुल रामला दिलं त्यांच्यातल्या किती जणांचे घाट आता पाण्याखाली असतील, हा विचार त्या पायरीवर मला सुचला आणि मग संध्याकाळभर सुटला नाही. दिल्लीच्या, नागपूरच्या पोरांना ते गाणं ऐकून भरून यायचं त्यात हा एक धागा असणारच. आम्ही न पाहिलेल्या नदीसाठी रडत होतो. ते गाणं बुडणाऱ्या गावांतून आलेलं आहे हे सुरांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

अंधार पडला. पानांच्या द्रोणांत कणकेचे दिवे घेऊन माणसं खाली उतरायला लागली. एका पायरीवर सात-आठ बायका ढोलकी आणि मंजिरी घेऊन बसल्या होत्या. एका भजनानंतर त्यांनी दुसरं धरलं, आणि दादाने माझं मनगट पकडलं.

तेच गाणं. चाल संथ, बास नाही, ड्रम नाहीत. दादा त्यांच्या मागच्या पायरीवर बसला. उजव्या हाताची बोटं मांडीवर आपटायला लागली. राहुल रामची बास तो पंचवीस वर्षं अशीच वाजवत आला आहे. मग तो गायला लागला, हळूच, घशात. बँड जिथे थांबतो, गिटारला वाट देतो, तिथे दादाही थांबला. बायका थांबल्या नाहीत. दादा चुकला, पुन्हा शिरला, पुन्हा मागे पडला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मान वळवली, न थांबता, आणि त्याच्याकडे बघत टाळीने ताल दाखवला. तिसऱ्या टाळीला तो त्यांच्यात मिसळला.

भजन संपल्यावर तिने विचारलं, "कहाँ सीखे बेटा?"

दादाचा हात झोळीवर होता. मला वाटलं आता तो कॅसेट काढेल.

"दुकान पे एक भैया आए थे," तो म्हणाला. "उनकी अम्मा गाती थीं."

बाई त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मंजिरी सावरली, बाकीच्यांना खूण केली आणि भजन पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं.