दोन गाड्यांमधलं अंतर

चांदवडच्या चौफुलीवर मनमाडची काळी-पिवळी भरत असते, तेव्हा चालकाचं निम्मं लक्ष सीटांकडे आणि निम्मं पुढच्या गाडीकडे असतं. ती नुकतीच सुटली असेल तर हा रेंगाळतो, कारण वाटेतले प्रवासी तिनं उचललेले असणार. मागची येताना दिसली की लगेच निघतो. माझा विषय सांख्यिकीय भौतिकी. अशा गाड्यांमधल्या अंतरांचं गणित युरेनियमच्या अणुकेंद्रापर्यंत पोचतं, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

जड अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या एकेक करून काढणं आवाक्याबाहेरचं होतं. 1950च्या दशकात यूजीन विग्नर यांनी तो नादच सोडला. यादृच्छिक आकड्यांची मॅट्रिक्स घेऊन त्यांनी फक्त शेजारच्या पातळ्यांमधल्या अंतरांचा विचार केला. त्यातून दिसलं, की या पातळ्या एकमेकींना खेटत नाहीत. घटना आपापल्या लहरीनं घडत असतील, तर दर हजार अंतरांपैकी सुमारे 95 अंतरं सरासरीच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान निघतात. विग्नर यांच्या सूत्रानुसार अशी अंतरं जेमतेम 8.

2000 साली मिलान क्रबालेक आणि पेत्र शेबा यांनी मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरातल्या बसगाड्यांच्या वेळा तपासल्या. तिथे प्रत्येक बस खासगी मालकीची. पुढची बस कधी गेली हे टिपायला चालकांनी थांब्यांवर माणसं ठेवलेली. अंतरांचा आलेख याच मॅट्रिक्स-घराण्यातल्या दुसऱ्या सूत्राशी जुळला. त्यात हजारात जेमतेम एक अंतर इतकं लहान असतं. 2001 साली एम. एस. संथानम आणि प्रबीर पात्रा यांना वातावरणाच्या नोंदींमधल्या सहसंबंधांत, तर 2003 साली शेबांना मेंदूच्या विद्युतलहरींत यादृच्छिक मॅट्रिक्सच्या याच सिद्धान्ताच्या खुणा सापडल्या.

अणुकेंद्राचं गणित जुळलं, म्हणून बस किंवा मेंदू ‘क्वांटम’ ठरत नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण या शब्दाचा बाजार मोठा आहे. प्रकाशसंश्लेषणात दीर्घकाळ टिकणारी क्वांटम सुसंगती दिसल्याचा दावा 2007 साली गाजला. पुढच्या काटेकोर मोजमापांनी त्यातला बराच भाग रेणूंच्या कंपनांच्या खात्यात टाकला. साम्य गणितात आहे, द्रव्यात नाही. पण ते साम्य कमी मोलाचं नाही. गाड्यांच्या बाबतीत तर नुसत्या अंतरांवरून कळतं, की चालक एकमेकांचा अंदाज घेऊन चालतात की आपल्याच तंद्रीत.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. चांदवडच्या महाविद्यालयातल्या मुलांनी चौफुलीवर बसून गाड्या सुटल्याच्या वेळा वहीत उतरवाव्यात, प्रत्येक अंतराला सरासरीनं भागावं आणि दहाव्या हिश्शाहून लहान अंतरं मोजावीत. हजारात 95च्या आसपास निघाली, तर चालकांचं एकमेकांकडे लक्ष नाही. एक-दोनच निघाली, तर क्वेर्नावाकाचं गणित चांदवडलाही लागू पडतं. उत्तर कोणतंही येवो, ते चांदवडनं स्वतः मोजलेलं असेल.