१४ तास अंधार

आमच्या घरी ख्रिसमस कॅक्टसला खेकडा म्हणतात. हे नाव आईनं ठेवलं. चपटी हिरवी पानं, कडांना टोकदार दात, एका पानाच्या टोकातून दुसरं निघालेलं. कुंडीच्या काठावरून खाली उतरताना ती खरंच खेकड्याच्या नांग्यांसारखी दिसतात. इंग्रजीतही त्याला ‘क्रॅब कॅक्टस’ असं एक नाव आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ती नर्स होती. तिच्या वॉर्डातल्या एका सिस्टरनं ओल्या कापसात गुंडाळून तीन पानांचा तुकडा दिला होता आणि सांगितलं होतं, नाताळात फुलेल. तो फुलला. पुढची कित्येक वर्षं, कधी नाताळच्या आधी, कधी संक्रांतीच्या तोंडावर, फुलत राहिला.

आई गेल्यावर तो फुलायचा थांबला.

हे वाक्य कसं वाचलं जाईल ते मला माहीत आहे. आमच्या नातेवाइकांनी ते तसंच वाचलं. “झाडांनाही कळतं गं,” मावशी म्हणाली. शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी गोष्ट चालायची थांबली की तिला दुःख झालं असेल, ही शक्यता आमच्याकडे यादीत फार खाली असते. आधी विचारायचं ते एवढंच : मधल्या काळात बदललं काय?

झाड आजारी नव्हतं, हीच पंचाईत होती. सुकलं असतं, पिवळं पडलं असतं, तर काहीतरी हाताला लागलं असतं. हे मात्र ठणठणीत. नवी पानं फुटत होती, जुनी तुकतुकीत होती. पाणी बाबा घालत होते, आईसारखंच, मातीला बोट लावून बघून. कुंडी तीच, माती तीच. दोन हिवाळे गेले, एक कळी नाही.

मग मी झाडाचं मूळ गाव शोधलं. कॅक्टस म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं. हा वाळवंटातला नाहीच. याचं घर आग्नेय ब्राझीलमध्ये, रिओ द जानिरोच्या आसपासच्या डोंगरांतलं दमट जंगल. तिथे तो जमिनीत उगवत नाही. झाडांच्या फांद्यांवर, कातळांच्या कपारींत, साचलेल्या पालापाचोळ्यात मूळ धरून राहतो, आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर आमरी राहते तसा. आपण ज्याला पानं म्हणतो ती खरं तर चपटी झालेली खोडं. वनस्पतिशास्त्रात याचं नाव श्लुम्बर्गेरा. आपल्या बाल्कन्यांमध्ये ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ज्याच्यासाठी रात्री बाराला शेजाऱ्यांना उठवलं जातं, ते झाडही याच कॅक्टसच्या कुळातलं आणि फांद्यांवर राहणारंच. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, ते निराळं.

ब्राझीलमध्ये आमच्या खेकड्याला ‘फ्लोर दे मायो’ म्हणतात, म्हणजे मे महिन्याचं फूल. मी तिथे थांबले. तिकडे मे, इकडे डिसेंबर. झाड तेच, मग सहा महिन्यांचा फरक कशाचा? विषुववृत्ताच्या खाली मे म्हणजे थंडीची चाहूल. तिथे मेमध्ये आणि आपल्याकडे डिसेंबरात एकच गोष्ट सारखी असते : रात्री मोठ्या झालेल्या असतात.

याचा शोध लागला तो तंबाखूमुळे. मेरिलँड मॅमथ नावाचा एक तंबाखूचा वाण होता. उन्हाळाभर तो माणसाच्या डोक्यावरून वाढत जायचा आणि फुलायचं नाव घ्यायचा नाही. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी खत, पाणी, तापमान यांचा हिशेब लावून पाहिला. शेवटी १९१८च्या जुलैमध्ये त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी चारला एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. सकाळी नऊला बाहेर. ऐन उन्हाळ्यात त्या झाडांना फुलं आली. बाहेर राहिलेली नुसती उंच होत राहिली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

त्यांनी अशा झाडांना नाव दिलं ‘लहान दिवसाची झाडं’. नाव तसंच राहिलं, पण पुढे कळलं की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी गोखरूच्या जातीच्या एका रोपावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, तर काही बिघडलं नाही. रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, तर फूल आलं नाही. मोठी रात्र मधोमध मोडली की झाडाच्या लेखी त्या दोन लहान रात्री झाल्या. पुढे १९५९ साली बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत हे मोजमाप करणारं रंगद्रव्य हाती लागलं. त्याचं नाव फायटोक्रोम. तांबडा प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू मागे फिरतं. झाडाचं घड्याळ नीट चालायला सलग अंधार लागतो.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर कालव्याच्या काठानं फिरलेत. त्यांना यात नवल वाटलं नाही. “उसाला तुरा येतो तसंच की,” ते म्हणाले. “दिवस आखूड व्हायला लागले की येतो. शेवंतीवाले रात्रीचे दिवे लावतात ते काय हौस म्हणून?” खरंच होतं. फूल लांबवायचं असेल तर शेवंतीवर रात्री दिवे लावतात, लवकर हवं असेल तर काळं कापड घालतात. शंभर वर्षांपूर्वीचं ते खोपटं आता हरितगृहात आहे.

मग प्रश्न उरला, आमच्या घरात बदललं काय?

आई होती तोवर खेकडा मागच्या गॅलरीत असायचा. तिथला बल्ब कधीच उडालेला, कुणी बदलला नव्हता. संध्याकाळी कपडे काढून आणले की सकाळपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. नाशकात डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे रात्र तेरा तासांची, आयती. शिवाय गॅलरीत थंडी. रात्रीचं तापमान १० ते १५ अंशांच्या घरात राहिलं, तर या झाडाची अंधाराची अटही बरीच सैल होते. आईनं फुलवण्यासाठी काही केलं नव्हतं. गॅलरीनं केलं होतं.

ती गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी बाबांनी कुंडी उचलून हॉलमध्ये आणली. खिडकीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. मागे एकटी पडेल म्हणाले.

आणि हॉलमधला दिवा रात्रभर चालू असतो.

आई दुसऱ्या पाळीला असायची तेव्हा बाबा हॉलचा दिवा चालू ठेवून पेंगत बसायचे. साडेनऊ-दहाला ती यायची, चपला काढायची, दिवा तीच बंद करायची. निवृत्त झाल्यावरही शेवटी झोपायला जाणारी तीच, दिवा बंद करणारीही तीच. आता बाबा खोलीत जाऊन झोपतात, दिवा राहतो. सुरुवातीला मी रात्री पाणी प्यायला उठले की बंद करायचे. सकाळी तो पुन्हा चालू असायचा. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. दोन-तीनदा असं झालं, मग मी बंद करणं सोडलं.

म्हणजे कारण सापडलं होतं. दिवा बंद केला की झालं. आमच्या धंद्यात याला सोपा बदल म्हणतात, एका ओळीचा. पण कुठल्याही जुन्या प्रणालीत अशी एखादी ओळ असते, जी काय करते ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं आणि जिला हात लावायचा नसतो. मी विचारलं ते दुसरंच. “बाबा, कुंडी परत मागं ठेवू या?”

“इथंच राहू दे,” ते म्हणाले.

तेव्हा उरला खोक्याचा मार्ग. ऑफिसनं घरून कामासाठी पाठवलेल्या मॉनिटरचं जाड खोकं माळ्यावर होतं. फटींना आतून काळा कागद चिकटवला. खोकं कुंडीवर उपडं घातलं की टेकत नव्हतं, वर चार बोटं जागा राहत होती. हिशेब असा : संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला उघडायचं. १४ तास अंधार, १० तास उजेड. दिवसा खिडकीतला प्रकाश हवाच, नाहीतर झाड उपाशी राहील. पाणी थोडं कमी. असं सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. घटस्थापना होऊन गेली होती. मी फोनवर दोन गजर लावले.

पहिले चार दिवस मी केलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला मी मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तर खोकं घातलेलं. टीव्हीजवळ बाबांची जुनी नोंदवही उघडी. त्यांनी रकाने आखले होते : तारीख, झाकले, उघडले, शेरा. कालव्याच्या पाण्याची पातळी ज्या अक्षरात लिहायचे त्याच अक्षरात. मी गजर काढून टाकले.

ती वही मी मधूनमधून वाचायचे. ‘६.००. ८.००. शेरा नाही.’ असे दिवसच्या दिवस. एका दिवशी ‘६.२५, बँकेत रांग.’ एका दिवशी ‘उघडले ८.००. पान १ गळाले, जुने होते.’ त्या वर्षात बाबा सकाळी नऊच्या आत उठत नसत आणि संध्याकाळी कुठे निघत नसत, कारण कुठे जायचंच नव्हतं. आता त्यांना सहाच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणजे आधी बाहेर पडावं लागायचं. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. झाडाचं निमित्त करून माणसाला सुधारायला निघालेली मुलगी त्यांनी लगेच ओळखली असती.

दिवाळीत घरभर पणत्या, बाहेर आकाशकंदील, आणि हॉलमध्ये मध्यभागी पुठ्ठ्याचं खोकं. आल्यागेल्या प्रत्येकानं विचारलं, मांजर पाळलंय का? बाबा प्रत्येकाला तंबाखूची गोष्ट सांगत होते. चौथ्या वेळी ती त्यांच्या तोंडून चांगलीच रंगली होती. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे ताईमुळे नव्हतं ते.” बाबा म्हणाले, “ताईमुळेच. दिवा ती बंद करायची ना.”

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वहीत एक निराळी नोंद आली : ‘टोकाला लाल ठिपका. १ की २?’ मी भिंग घेऊन बघितलं. मोहरीएवढे ठिपके, सात. पुढच्या आठवड्यात अकरा झाले. कळी धरली की अंधाराचं काम संपतं. तेव्हा मी म्हटलं, आता खोकं नको. मात्र कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही. या दिवसांत जागा बदलली, माती फार सुकली किंवा फार ओली राहिली, तर हे झाड कळ्या टाकून मोकळं होतं. बाबांनी पुढे चार दिवस तरी खोकं घातलंच. शेरा : ‘गरज नाही. सवय.’

अकरापैकी तीन कळ्या गळल्या. आठ राहिल्या. नाताळला त्या नुसत्या लांबट आणि गुलाबी होत्या. पहिलं फूल उघडलं ते नवं वर्ष लागल्यावर. या फुलाला समोरून बघायची सोय नाही, ते आडवं लोंबतं. पाकळ्या दोन मजल्यांत मागे वळलेल्या, पुढे केसर आणि एक गडद गुलाबी काडी बाहेर आलेली. त्याच्या जंगलात गुंजनपक्षी चोच घालून मध पितात, त्यांच्यासाठीच तो आकार. आपल्याकडे तो पक्षी नाही. आमच्या हॉलमध्ये त्या फुलाची कुणीच वाट बघत नव्हतं, आम्ही दोघं सोडून.

त्या रात्री मी झोपायला निघाले तेव्हा बाबा खुर्चीत होते. दिवा चालूच होता. मी त्याच्याकडे बघितलं असावं, कारण ते म्हणाले, “त्याला अंधार लागतो, मला उजेड. खोकं आहे तोवर दोघांचं भागतंय.” एवढंच. गेल्या दोन वर्षांत आम्ही त्या दिव्याबद्दल बोललेलं हे एकमेव वाक्य. मी हो म्हटलं आणि आत गेले.

दिवा अजून रात्रभर चालू असतो. वीजबिलात एका एलईडीनं फारसा फरक पडत नाही, हे मी काढून बघितलंय.

मार्चमध्ये बाबांनी तीन-तीन पानांचे दोन तुकडे पिळून काढले, दोन दिवस सावलीत सुकू दिले आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचले. दोन्ही लागले. एक शेजारच्या काकूंना दिला. काकूंनी विचारलं, फुलं कधी येतील? बाबा आत गेले आणि वहीचं अख्खं ऑक्टोबरचं पान दुसऱ्या कागदावर हातानं उतरवून घेऊन आले. बँकेतल्या रांगेसकट.

“एवढं करायचं,” ते म्हणाले. “आणि एक चांगलं खोकं बघून ठेवा.”