हयातीचा महिना

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागतात, चिवड्यात नुसती डाळं आणि कढीपत्ता उरतो, सकाळी अंगणात गेलं की पायांना फरशी गार लागते, आणि आमच्या तालुक्याच्या गावातल्या बँकेत म्हाताऱ्या माणसांची जत्रा भरते. नोव्हेंबर आलेला असतो. ज्यांना सरकारची पेन्शन आहे त्यांनी या महिन्यात आपण जिवंत असल्याचं कळवायचं असतं. कागदोपत्री त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बोलताना कुणी एवढं लांबण लावत नाही. "सही करून आलात का?" एवढंच विचारतात.

कोषागारातून बँकेत याद्या येतात. पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, नाव, खाते क्रमांक, आणि कडेला सहीसाठी मोकळी जागा. आपलं नाव शोधायचं, समोर सही करायची नाहीतर अंगठा उठवायचा. की वर्षभराची निश्चिंती. महिना उलटला आणि ती जागा मोकळीच राहिली, तर पेन्शन थांबते. तुम्ही गेलात असं कुणी म्हणत नाही. फक्त खात्यात पैसे येत नाहीत.

आईला घेऊन मी दरवर्षी जाते. वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, नीरा डाव्या कालव्यावर, इंदापूरच्या अंगाला. ते गेल्यावर आई कुटुंब निवृत्तिवेतनाच्या यादीत आली. या यादीत जिवंत असण्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट कळवावी लागते. पुनर्विवाह केलेला नाही.

या यादीच्या काउंटरवरची मुलगी यंदा नवी होती. तिनं यादी आईपुढे सरकवली, बोट ठेवून नाव दाखवलं आणि मग जरा घुटमळली. "आजी, ते... इथं पण लिहायचंय. म्हणजे तसं काही नाही ना तुमचं?"

आईचं वय एकोणऐंशी. गुडघ्यांना पट्टे, कानात यंत्र, हातात कापडी पिशवी. तिनं चष्मा नाकावर खाली ओढून त्या मुलीकडे नीट पाहिलं.

"नाही म्हणून लिही बाई. कुणी विचारलंच नाही."

मागची रांग खदखदून हसली. मुलगी लाजली, मग तीही हसली. आई मात्र हसली नाही. आपण विनोद केला की खरी तक्रार, हे तिनं गुलदस्त्यातच ठेवलं. सही करताना तिचा हात थरथरतो, म्हणून ती आधी डाव्या हातानं उजवं मनगट धरते. आडनावाच्या शेवटच्या अक्षराशी पोचली की श्वास सोडते. तेवढा वेळ मागच्या माणसांना थांबावं लागतं आणि तेवढा वेळ मागची माणसं बँकेला नावं ठेवतात.

रांगेतल्या कुरकुरीबद्दल मला पुष्कळ काही सांगायचं आहे. पंखा फिरत नाही. फिरतो तो नेमका कॅशियरच्या डोक्यावर. प्यायच्या पाण्याच्या जारवर पेला नाही, साखळी तेवढी आहे. पासबुक भरायचं मशीन वरच्या मजल्यावर नेऊन ठेवणाऱ्याला स्वतःची आई नसावी. सर्व्हर डाऊन आहे. काल डाऊन होता, परवा जेवणाची सुट्टी होती. दहा वाजल्यापासून एकापर्यंत हे अखंड चालतं, आणि एवढ्या वेळात रांग सोडून मात्र कुणी जात नाही. संयमावर प्रवचनं देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नेहमी एक शांत चेहरा असतो, अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा. मी पाहिलेली संयमी माणसं तशी नव्हती. ती तोंडानं अखंड बडबडत होती आणि पायांनी उभी होती.

वडीलही त्यातलेच. रब्बीचं आवर्तन सुटायचं ते याच दिवसांत. ज्वारी, गहू पाण्याला आलेले, रात्रीचा गारठा, आणि चारीवर फावडी आणि बॅटऱ्या घेऊन पाळीची वाट बघत शेकोट्यांशी बसलेली माणसं. पाणी आधी चारीच्या शेपटाला द्यायचं आणि मग वर वर सरकत मुखाकडे यायचं, असा खात्याचा रिवाज. वरच्यांची तहान आधी भागवत बसलं तर खाली पाणी पोचतच नाही, इतकं साधं त्यामागचं कारण. पण वरच्या अंगाला रात्रीतून दारं उचलली जायची, आणि शेपटाचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून वडिलांच्या नावानं शंख करायचा. मग वडील मफलर गुंडाळायचे. खात्याला शिव्या, वरच्या साहेबाला शिव्या, पाणी चोरणाऱ्या बागायतदाराला तर त्याच्या सात पिढ्यांसकट. एम-८०ला किक मारेपर्यंत हे चालायचं. आई दारातून म्हणायची, "एवढा राग येतो तर जाऊ नका." त्यावर एक शिवी तिच्या वाट्याला येता येता राहायची. शिव्या देणं त्यांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत थांबवलं नाही. जाणंही नाही.

बँकेतल्या जत्रेत एसटीतून निवृत्त झालेले एक मास्तर असतात. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, आणि तो निवृत्त झाला तरी मास्तरच राहतो. त्यांची पेन्शन सरकारी नाही, भविष्यनिर्वाह निधीची, ईपीएस-९५ची. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली. मास्तरांना त्याहून थोडी बरी मिळते, पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आणल्या की तीही संपते. त्यांना दाखला नोव्हेंबरातच द्यायला हवा असंही नाही, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. तरी ते येतात. सगळे असतात म्हणून येतात. कुणाचा नंबर कुणाच्या मागे हे तेच ध्यानात ठेवतात. गर्दीतून हिशेब ठेवायची सवय.

एकदा कर्जाच्या कामाला आलेला एक तरुण त्यांची तक्रार ऐकून वैतागला. "काका, मिळतंय ना घरबसल्या? समाधान मानावं माणसानं."

"घरबसल्या?" मास्तर म्हणाले. "तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडलीत रे बाबा."

हे समाधान मानायला सांगणं मला अलीकडे फार खटकू लागलं आहे. सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर एक फूल येतं आणि त्याखाली, जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा, असा मजकूर. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्याकडे पुरेसं आहे त्यानं ज्याच्याकडे पुरेसं नाही त्याला कृतज्ञता शिकवली, की तिला जरा वेगळाच वास येतो. ईपीएसवाल्या म्हाताऱ्यांनी किमान साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता मागितला आहे, त्यासाठी ते उन्हातान्हात उपोषणाला बसले आहेत. त्यांना जगण्याविषयी कृतज्ञता नाही असं कोण म्हणेल? उलट जगायचं आहे म्हणूनच तर मागतात.

रांगेत एक निवृत्त हेडमास्तरही असतात. विषय इथवर आला की ते घसा खाकरतात आणि सगळ्यांना कळतं, आता नकारा येणार. डी. एस. नकारा हे संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही. ज्यांनी उमेदीची वर्षं राबून काढली त्यांचा तो हक्क आहे. त्या तारखेला देशभरचे पेन्शनर आपला दिवस पाळतात. हेडमास्तर हा निकाल दरवर्षी त्याच आवेशात सांगतात आणि दरवर्षी कुणीतरी वाक्य अर्ध्यावर तोडून विचारतं, "सर, तुमचा नंबर गेला वाटतं?"

आई आभार मानते, पण तिचा हिशेब वेगळा आहे. जागा धरून ठेवणाऱ्या बाईला ती पिशवीतली चिक्की देते. गर्दी बघून यादी बाकापर्यंत घेऊन येणाऱ्या शिपायाच्या डोक्यावरून हात फिरवते. तोही पन्नाशीचा, पण निमूट मान वाकवतो. सरकारचे आभार मानताना मी तिला पाहिलेलं नाही. "त्यांच्या खिशातलं देतात का?" असं ती विचारते. नकाराचा निकाल तिनं वाचलेला नाही.

सहीऐवजी आता यंत्रंही आली आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण नावाची सोय सुरू झाली. आधार क्रमांक द्यायचा, काचेवर बोट ठेवायचं, दाखला तयार. कल्पना उत्तमच, परगावी मुलांकडे राहणाऱ्यांची मोठी पायपीट वाचली. पण आयुष्यभर भाकरी थापलेल्या, राखेनं भांडी घासलेल्या, ऊस तोडलेल्या बोटांवर रेषा शिल्लक असायला हव्यात ना. एक आजी काचेवर अंगठा ठेवत होत्या आणि यंत्र लाल होत होतं. पदराला पुसून ठेवला, लाल. शेजारणीनं सांगितलं, केसांतून फिरव, तेल लागू दे. त्यांनी अंगठा भांगातून नीट मागपर्यंत ओढला, पुन्हा ठेवला. लाल. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटांनी ओळख नाकारली तेव्हा त्या म्हणाल्या, "झिजले गं सगळे," आणि शेजारणीला आपला हात असा दाखवला की जणू त्यात काही मिरवण्यासारखंच होतं. होतंच.

नंतर चेहरा ओळखणारी सोयही आली. मोबाइलपुढे तोंड धरायचं आणि सांगितलं की डोळे मिचकवायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असलेल्या एका आजोबांना त्यांचा नातू बँकेच्या पायरीवर बसवून ओरडत होता, "आबा, मिचकवा! अहो मिचकवा!" आणि आबा चारचौघांत असला वाह्यातपणा करायला तयार नव्हते.

एक गोष्ट मला या जत्रेत नेहमी दिसते. एखाद्याला रिक्षातून उचलून आणतात, खुर्चीसकट. तो सगळ्यात शेवटी आलेला असतो. कुणी काही बोलत नाही, मास्तर नुसता हात करतात, रांग भिंतीकडे सरकते आणि ती खुर्ची थेट काउंटरशी जाते. शेपटाचं पाणी आधी. मग सगळे पुन्हा पंख्याविषयी बोलू लागतात.

आणि यादी. ती चाळताना पुढच्या-मागच्या नावांवरून नजर जातेच. गेल्या वर्षी ज्यांच्या समोर वाकडीतिकडी सही होती त्यांचं नाव यंदा छापलेलंच नसतं, किंवा असतं आणि पेनानं कडेला 'मयत' लिहिलेलं असतं. आई बोट फिरवत फिरवत जाते. "या पाटलीणबाई गेल्या का? कधी?" मग ज्याला माहीत असेल तो सांगतो, कशानं, कुठल्या दवाखान्यात, सून जवळ होती की नव्हती. तेवढी श्रद्धांजली होते. बोट पुढच्या नावावर जातं.

वडील गेले ते पहाटे, उजाडायच्या आत. दिवस वर येईतो मांडवाचं सामानही येऊन पडलं होतं. पुढे कागदपत्रं करताना कोषागारातल्या एका बाईंनी हिशेब समजावून सांगितला. मृत्यूच्या दिवसाची पेन्शन पूर्ण धरतात. किती वाजता गेले याला महत्त्व नाही. पहाटे गेले काय, रात्री गेले काय, तो दिवस त्यांचा. कुटुंबाची पेन्शन दुसऱ्या दिवसापासून.

आईनं ते पुन्हा विचारून घेतलं. "म्हणजे त्या दिवशी ते धरलेत?"

"हो काकू. पूर्ण दिवस."

आई थोडा वेळ टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत राहिली. नियम करणाऱ्याच्या मनात तसलं काही नसणार. तासांचा घोळ नको, एवढाच विचार असणार. पण त्या दिवसाबद्दल आम्हाला इतक्या जणांनी इतकं काही सांगितलं होतं, सुटले बिचारे, पुण्यवान म्हणून झोपेत गेले, आणि त्यातलं काहीही आईपर्यंत पोचलं नव्हतं. हे पोचलं. मग तिनं डोळे पुसले आणि त्याच दमात महागाई भत्त्याची थकबाकी कधी मिळणार ते विचारलं.

यंदा बँकेतून घरी आल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधी मला कागद-पेन आणायला लावलं. मॅनेजरला अर्ज द्यायचा. पासबुकाचं मशीन खाली आणा, बाकडी वाढवा, पाण्याला पेला ठेवा, नोव्हेंबरात पेन्शनरांना वेगळी खिडकी द्या. मास्तरांची आणि हेडमास्तरांची सही मिळेल, आणखी वीस-पंचवीस तर उभ्या उभ्या मिळतील, असा तिचा अंदाज.

मी सवयीनं सुरुवात केली, 'आपणांस नम्र विनंती करण्यात येते की...'

"नम्र कशाला?"

"तशी पद्धत असते आई."

"विनंती राहू दे. नम्र खोड."

मी खोडलं. मजकूर झाला. शेवटी 'आपली कृपाभिलाषी' लिहिणार तोच तिनं पेन धरलं.

"कृपा नको. 'आपली खातेदार' लिही. आणि खाली नंबर टाक, खात्याचा."