पोत्यातले वावर

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. पूर ओसरला, तेव्हा अडाजणच्या आमच्या घरात वीतभर गाळ होता. मी तो फावड्याने रस्त्यावर लोटत होतो. आई म्हणाली, ‘‘फेकू नको रे. तापी आपल्या शिरपूरकडून येते. यात आपली माती असंल.’’

वरचा बराचसा गाळ उकाईच्या धरणातच अडतो, हे मला ठाऊक होते. पण बोललो नाही. शिरपूरजवळचे वावर १९९६ साली विकले, त्या कागदावर माझी सही होती. आईने त्याबद्दल कधी शब्दही काढला नव्हता.

गाळ उन्हात वाळवून तिने सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरला. नुसता गाळ घट्ट बसतो, म्हणून निम्मे शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. तळाला भोके पाडून पोती गच्चीवर विटांवर मांडली. एका पोत्यात भरिताच्या वांग्याचे एकच रोप. शेजारच्या बा गुजरातीत विचारत, आई अहिराणीत सांगे. दोघींचे छान जमे.

थंडीत पहिले भरीत झाले. घास घेऊन आई म्हणाली, ‘‘वावरातल्यासारखं नाही.’’ मग जरा थांबून, ‘‘पण पोत्याला सातबारा नसतो. हे कोणी विकणार नाही.’’

आई आता नाही. पोती उन्हाने विरतात, ती बदलतो. माती तीच ठेवली आहे. दरवर्षी शेणखत घालतो.