विसार

आगाऊ दिलेल्या पैशाला मराठीत अनेक नावे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अनामत म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवलेला आपलाच पैसा. काम सरले की तो जसाच्या तसा परत यायचा. विसाराची जात निराळी. जमिनीच्या किंवा घराच्या सौद्यात विसार दिला की देणारा आणि घेणारा दोघेही बांधले जातात, आणि देणाऱ्याने शब्द मोडला तर विसार बुडतो. बयाणा हा विसाराचाच भाऊ. आम्हा रायपूरकडच्या मराठी माणसांच्या तोंडी हिंदीच्या शेजारामुळे तोच अधिक असतो. पेशगी मात्र गरिबाच्या वाट्याची. छत्तीसगढातून परमुलखातल्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या हातात ती पडते, आणि ती फिटेपर्यंत पैशाऐवजी माणूसच अडकून राहतो. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला या आगाऊ रकमेचीच व्याख्या आधी करावी लागली, ती उगीच नव्हे. या सगळ्यांवर अलीकडे ‘डिपॉझिट’ हा एकच शब्द पांघरला जातो. दिलेला पैसा अनामत आहे की विसार, हे न सांगण्याची सोय त्या शब्दात आहे. माझ्या बारा हजार रुपयांचे प्रकरण त्या सोयीतूनच उभे राहिले.

आम्ही गुढियारीत राहतो. रायपूरचे रेल्वेस्थानक आणि रुळांचा पसारा यांच्या पलीकडचा हा भाग. शहराकडे जायचे तर रूळ ओलांडल्याखेरीज गत्यंतर नाही. इथला ठोक बाजार मोठा आहे, आणि धान्याच्या व किराण्याच्या पोत्यांची चढउतार पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. रायपुरातली काही मराठी घराणी नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची; आमचे घर तसे जुने नव्हे. वडील दक्षिण-पूर्व रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि १९५६ साली आई लग्न होऊन त्यांच्यामागे आली. ती श्रीवर्धन तालुक्यातली. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि बाळाजी विश्वनाथाचे गाव मागे टाकून ती भातखाचरांच्या या सपाट मुलखात उतरली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कुणी कोकणाचे नाव काढले की ती बोलायची थांबत नसे. घरी मात्र त्याविषयी क्वचितच बोले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिने एकदाच, भाजी निवडता निवडता म्हटले, ‘एकदा समुद्र बघायचा होता गं.’

म्हणून २०२०च्या जानेवारीत मी तिच्या माहेराजवळच्या एका गावात आठ दिवसांसाठी घर ठरवले. पर्यटकांना भाड्याने देण्याकरिता वाडीतच बांधलेले कौलारू घर होते. पुढे अंगण, मागे पोफळी, आणि समुद्र आवाजाच्या अंतरावर. मेच्या दुसऱ्या आठवड्याचे चोवीस हजार भाडे ठरले. ‘निम्मं डिपॉझिट पाठवा, ताई,’ घरमालक दूरध्वनीवर म्हणाले. पैसे आईने दिले, वडिलांच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनातून साठवलेले. मी देऊ केले ते तिने घेतले नाहीत. माहेरी जायचे ते स्वतःच्या पैशाने, असे तिचे म्हणणे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मार्चच्या अखेरीस गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून देश घरात बसला. रेल्वेने तिकिटांचे पैसे पूर्ण परत दिले. खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठी तर मुदतही वाढवली. एवढी अवाढव्य संस्था, पण तिने ‘पुढच्या वर्षी याच तिकिटावर या’ असे काही म्हटले नाही. घरमालक ते म्हणाले. त्यांचा स्वर आर्जवी होता. ‘पैसे कुठे जात नाहीत, ताई. पुढच्या मे महिन्यात आजींना घेऊन या, तेच डिपॉझिट धरू.’ पुढचा मे त्यांच्या वहीत नक्की होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षाचे आश्वासन देणे ही खरे तर त्याच्याकडून न मागता घेतलेली उधारी असते.

मी परताव्याचा आग्रह धरणार होते. तोच ३ जून उजाडला. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या परिसरातून आत गेले. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्यांवर लागते ती झाडे काडीसारखी मोडली. नारळ-पोफळीचे नुकसान एका हंगामाचे नसते. नवे रोप लावून फळ हाती यायला काही वर्षे जातात, आणि तोवर बागायतदाराने काय खायचे, याचे उत्तर बागेत मिळत नाही. आमच्या घरमालकांची कौले उडाली आणि मागच्या पोफळींपैकी मोजक्याच उभ्या राहिल्या. हे त्यांनीच पंधरा दिवसांनी, गावात वीज नसताना, दुसऱ्या गावी जाऊन कळवले. आई ऐकत होती. म्हणाली, ‘त्याच्या पोफळी पडल्या आणि आपण पैसे मागायचे?’ मी गप्प राहिले.

पण आईचे हे वाक्य एवढ्यावर सोडले तर तिच्यावर अन्याय होईल. गणपतीच्या सुमारास एका दुपारी तिनेच विचारले, ‘त्या बारा हजारांचं काय झालं गं?’ मी म्हटले, सोडून देऊ या का? तेव्हा ती ताठ बसली. ‘सोडायचे असतील तर मी सोडीन. तू नाहीस.’ त्यानंतर तो विषय निघाला नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये रायपूर पुन्हा बंद असताना ती वारली. साथीने नव्हे, वयाने. पैसे सोडल्याचे तिने कधीच सांगितले नाही.

त्या पावसाळ्यात मी घरमालकांना पत्र घातले: आई गेली, आता पुढच्या वर्षाला अर्थ उरला नाही, रक्कम परत करावी. उत्तर नाही. नातेवाइकांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, मेलेल्या माणसाच्या पैशासाठी वादळग्रस्ताच्या मागे लागणे शोभत नाही. दुसऱ्याचे, वादळाच्या आडून पैसा दाबणारे पुष्कळ असतात. मला दोन्ही पटेनात. पहिल्या मतात त्या माणसाला न विचारताच त्याची गणना याचकांत केली होती, दुसऱ्यात लबाडांत. त्याला देणेकरी मानायला कुणी तयार नव्हते. देणेकरी असणे ही काही हीन अवस्था नव्हे. ज्याची पत आहे त्यालाच देणे असते.

मग मी पुस्तके काढली. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे छप्पन्नावे कलम सांगते की करारानंतर काम अशक्य झाले तर करार शून्य होतो. पासष्टावे सांगते की शून्य झालेल्या कराराखाली ज्याला लाभ मिळाला त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. या कलमाला जोडलेली उदाहरणे एखाद्या कथाबीजासारखी आहेत. एक गायक हजार रुपये आगाऊ घेऊन जलशात गाण्याचे कबूल करतो आणि आजारी पडतो. जलसा भरवणाऱ्याच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याने द्यायची नाही. आगाऊ घेतलेले हजार मात्र परत करायचे. दोष कुणाचाच नाही, तरी पैसा परत जातो.

विलायतेत हे इतके सरळ नव्हते. सातव्या एडवर्डचा राज्यारोहण सोहळा १९०२च्या जूनमध्ये व्हायचा होता. मिरवणूक पाहण्यासाठी हेन्री नावाच्या गृहस्थाने लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांकरिता पंचाहत्तर पौंडांना ठरवल्या आणि पंचवीस पौंड आगाऊ दिले. राजाच्या आंत्रपुच्छाला सूज आली, शस्त्रक्रिया झाली, सोहळा पुढे गेला. खोल्यांचा मालक क्रेल याने उरलेल्या पन्नासांसाठी दावा लावला, आणि १९०३ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की मिरवणूकच नाही तर उरलेले भाडेही नाही. पण आगाऊ दिलेल्या पंचवीस पौंडांची मागणी हेन्रीने अपिलात सोडून दिली होती. नुकसान ज्याच्या अंगावर पडले त्याच्याच अंगावर राहू द्यावे, ही तिकडची तेव्हाची रीत. ती पुरती मोडायला १९४३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने आगाऊ रक्कम परत देण्याचे ठरवले, मात्र घेणाऱ्याने तयारीवर केलेला खर्च न्यायालयाला योग्य वाटेल तितका ठेवून घेण्याची मुभा दिली. २०२०च्या जूनमध्ये तिथल्याच सुट्टीची घरे भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या कंपनीने, बाजार-नियामकाच्या चौकशीनंतर, साथीमुळे बुडालेल्या मुक्कामांचे पैसे पूर्ण परत करण्याचे मान्य केले. युरोपीय आयोगानेही त्याच मे महिन्यात सांगितले होते की पुढच्या प्रवासाची चिठ्ठी ग्राहकाच्या राजीखुशीनेच द्यावी, पैशाचा हक्क तिने संपत नाही.

आपल्याकडे त्याच वर्षी, २० जुलैपासून, २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होऊ लागला. १९८६च्या कायद्याखाली विरुद्ध पक्ष जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा वादाचे कारण जिथे घडले, तिथेच तक्रार करावी लागे. आता तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या आयोगातही ती करता येते, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क पडत नाही. रूळ ओलांडून रायपूरच्या जिल्हा आयोगात जाणे मला अवघड नव्हते. तक्रारीचा मसुदा मी तयारही केला. पण तो दाखल करण्याआधी एक प्रत, धमकीचा एकही शब्द न घालता, घरमालकांना पाठवली. सोबत लिहिले की हे पैसे माझ्या आईचे आहेत, ते सोडण्याचा अधिकार तिने मला दिलेला नाही. तुम्हाला एकदम देणे जड असेल तर हप्ते सांगा.

आठव्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. आवाजात राग होता. पुष्कळ वेळ त्यांनी मला सुनावले: शहरातल्या माणसांना वादळ बातम्यांत दिसते, आम्हाला ते छपरातून दिसले. मी ऐकून घेतले. मग तेच म्हणाले, ‘मे महिन्यासाठी गादीवाला, रंगारी, स्वयंपाकीण यांना मी आधीच पैसे दिले होते, ताई. त्यातले तुमच्या वाट्याचे तीन हजार कापतो. नऊ देतो, तीनदा करून.’ १९४३चा विलायती कायदा त्यांनी वाचलेला असण्याचा संभव नव्हता, तरी बोलत होते ते तोच. आपल्या पासष्टाव्या कलमात अशी कपात लिहिलेली नाही, हे मी सांगितले. ‘नसेल,’ ते म्हणाले, ‘पण रंगारी होता.’

पहिले तीन हजार दिवाळीत आले, दुसरे माघात, तिसरे पुढच्या पावसाच्या तोंडावर. दर वेळी मी पोस्टाने पावती पाठवली; वडिलांच्या जुन्या वहीतला ताव, खाली आईचे नाव आणि ‘करिता’ म्हणून माझी सही. शेवटच्या पावतीवर लिहिले: ‘नऊ हजार पावले. तीन हजारांबाबत मतभेद कायम.’ त्यांच्याकडून उलट टपाली एक कार्ड आले. ‘मतभेद मान्य. नवी रोपे लावली आहेत,’ एवढाच मजकूर, आणि खाली रोपांची संख्या.