मायणीच्या तलावावरची ढोकरी

साताऱ्याहून वडूजमार्गे एस.टी.ने मायणीला गेलो, ते रोहित पक्षी पाहायला. रोहित काही त्या दिवशी दिसले नाहीत. पण नात एकदम ओरडली, "आबा, ढेकूळ हललं!"

ते ढेकूळ म्हणजे ढोकरी. मान खांद्यात ओढून, तपकिरी रेघांचे अंग चिखलाला मिळवून पाण्याकडे टक लावून बसलेली. अर्धा तास ना हलली ना बोलली. मग एकाएकी मान लांब झाली आणि चोचीत मासा चमकला. आमची चाहूल लागताच उडाली, तर पंख पांढरेशुभ्र! पुढे जाऊन बसली, पंख मिटले, आणि पुन्हा ढेकूळ. शेजारी लहान बगळा होता. काळ्या पायांची पिवळी बोटे चिखलात हलवून तो मासे उठवत होता. जपानमध्ये तर यांच्याच नात्यातला एक बगळा पाण्यावर किडा टाकून माशाला जवळ बोलावतो, असे अभ्यासकांनी नोंदले आहे.

एवढ्या कष्टाळू पाखराला पुस्तकात नाव काय, तर 'वंचक', म्हणजे फसवणारा! आपल्या बक जातकातही बगळा माशांना फसवतो आणि खेकडा त्याला धडा शिकवतो. पण ती गोष्ट माणसाच्या कपटाची आहे. पोटासाठी निश्चल उभे राहणे हे कपट कसे? वाईट नाव एकदा चिकटले की ते किती पिढ्या निघत नाही, हे आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

तलावाच्या काठी बसलो असताना बाबासाहेबांचा प्रवास आठवला. याच खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. वडील रामजी तिथे खजिनदार. 1901 साली साताऱ्याहून त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. पुढे बैलगाडीचा रस्ता. जवळ शिदोरी होती, पण महाराच्या मुलांना प्यायला पाणी मिळेना. डबक्यातले होते, ते शेणामुताने घाण झालेले. तशीच उपाशी निजली.

नातीला हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. समोर ढोकरी पुन्हा पाण्याशी आली होती. कुणाला न विचारता तिने चोच बुडवली.

परतताना एस.टी.त नातीने वहीत पक्ष्यांची यादी लिहिली. 'वंचक' कुठेच नव्हते. पहिले नाव होते 'ढोकरी'.