कुलाबा कुठे आहे?

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कादंबऱ्यांची कपाटे आणि सकाळच्या वर्तमानपत्रावर वाकलेली पेन्शनर मंडळी येतात. पण तिथे आणखी एक काम चालते, त्याची आपल्यापैकी पुष्कळांना माहिती नसते. त्याला संदर्भसेवा म्हणतात. नाव जड, काम साधे. आपण प्रश्न घेऊन जायचे आणि तिथल्या माणसाने उत्तर कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर आहे ते काढून दाखवायचे. मोबाईल आल्यापासून हे काम संपले, असे हल्ली सर्रास ऐकू येते. आमच्या घरचा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते.

आम्ही आपट्याचे, तालुका पनवेल, पाताळगंगेच्या काठचे. माझी नात बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि जात पडताळणीच्या कागदांची धावपळ सुरू झाली. ज्या घरांतून हे झाले आहे त्यांना सांगायला नको. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा, म्हणून त्या तारखेआधी आपले घर कुठे होते याचा पुरावा लागतो. आपल्या लोकांकडे सातबारा कुठला? घराचा उतारासुद्धा नसतो. शेवटी आधार असतो तो आजा-पणज्याच्या शाळेच्या दाखल्याचा. जे दोन इयत्ता का होईना शिकले त्यांचे उपकार, दुसरे काय.

माझे सासरे 1938 साली शाळेत गेले होते. नोंदवहीचा उतारा मिळाला. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले: मु. आपटा, ता. पनवेल, जि. कुलाबा. नातीच्या सगळ्या कागदांवर जि. रायगड. ज्या टेबलावर कागद तपासायला दिले तिथला मुलगा नोकरीवर नवा, दूरच्या जिल्ह्यातून आलेला. त्याने शेरा मारला, "जिल्ह्याच्या नावात तफावत." वर नातीला म्हणाला, कुलाबा तर मुंबईत आहे, तुमचे पणजोबा मुंबईचे आणि तुम्ही रायगडच्या कशा? पुरावा आणा. मुदत आठ दिवसांची.

मी म्हटले, अगं, रायगड म्हणजेच कुलाबा, आमचे लग्न झाले तेव्हा पत्रावर कुलाबाच लिहीत. नात म्हणाली, आजी, तू सांगून ते ऐकणार आहेत का? तिने मोबाईलवर कुलाबा घातले. आला मुंबईचा कुलाबा, हॉटेलं, बाजार, समुद्र. मग रायगड घातले, तर महाराजांचा किल्ला आणि वर जायच्या रोपवेची तिकिटे. पोरगी रात्री दीडपर्यंत शोधत बसली. मोबाईल खोटे बोलत नव्हता. विचारले तेवढे सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दोघी पनवेलला एका जुन्या वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाई टेबलाशी होत्या. नातीने विचारले, कुलाब्यावर पुस्तक आहे का? बाईंनी कपाटाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "बस बाळ. तुला कुलाब्याची माहिती हवी आहे, की कुलाबा आणि रायगड एकच आहेत असा छापील कागद हवा आहे? कोणाला दाखवायचा आहे?" मला विचाराल तर निम्मे काम या तीन वाक्यांतच झाले.

मग त्यांनी शासनाचे 1964 सालचे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. त्यात पनवेल तालुका होता. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून जिल्ह्याचे नाव पडले होते आणि मुंबईच्या कुलाब्याशी त्याचा संबंध नाही, हे त्यांनी नातीला समजावले. 1 जानेवारी 1981 पासून, अंतुले मुख्यमंत्री असताना, जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यानंतरच्या सरकारी ग्रंथात ही नोंद होती, तेही पान काढून दिले. दोन्ही पानांची झेरॉक्स, पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक असलेल्या मुखपृष्ठासकट. "नुसते पान नेऊ नका, कशातले आहे ते दिसले पाहिजे," म्हणाल्या. शिवाय जाता जाता सांगितले की 1883 पर्यंत पनवेल ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून कोणाला त्याहून जुने काही शोधायचे असेल तर कुलाबा नव्हे, ठाण्याचे 1882 चे गॅझेटियर पाहावे. एका गावाला तीन जिल्ह्यांची नावे! हे ज्याला ठाऊक नाही त्याने मोबाईलवर कितीही बोटे चालवली तरी काय हाती लागणार?

निघताना बाईंनी नातीला विचारले, 1927 साली बाबासाहेब महाडला आले ती परिषद कोणती? नात म्हणाली, चवदार तळ्याची. बाई हसल्या. "कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तुझ्याच जिल्ह्याची गं." इतकी वर्षे आपण ते नाव वाचतो, ऐकतो, आणि आपल्याच दाखल्यावर ते आले की अडखळतो.

शेरा निघाला. कागद पुढे गेले.

पुढे मला या कामाविषयी कुतूहल वाटू लागले. बाईंकडूनच थोडे कळले. अमेरिकेत वूस्टर नावाच्या गावी सॅम्युअल ग्रीन म्हणून ग्रंथपाल होते. त्यांनी 1876 साली मांडले की वाचकाशी आपुलकीने बोला. कारागीर, शाळकरी मुले, साधी माणसे विचारायला लाजतात, त्यांचा संकोच जाईल असे वागा. आपल्याकडे रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. ज्याची एक दिवसाची मजुरी बुडते त्याच्या वेळेला किंमत असते, हे मी माझे त्यात घालते.

पूर्वी वाचनालयात ज्ञानकोश, विश्वकोशाचे खंड, वर्तमानपत्रांची कात्रणे ठेवलेली असत, कारण उत्तर दुसरीकडे कुठे मिळतच नसे. आज जुनी गॅझेटियरसुद्धा शासनाने संगणकावर खुली केली आहेत. घरबसल्या दिसतात. पण कोणते उघडायचे, कोणत्या नावाने शोधायचे, दहा उत्तरांतले कोणते सरकारदरबारी चालेल, हे सांगणारा माणूस लागतोच. काम उत्तर देण्याचे कमी झाले आणि प्रश्न नीट करून देण्याचे वाढले. शिकलेल्या घरात हे काम बाप करतो, मामा करतो. आपल्या पोरांना कोण करणार?

माझ्या नातवाचेच बघा. शाळेत "माझे गाव" लिहायला दिले. आपट्याला रेल्वे कधी आली, एवढेच हवे होते. मोबाईलने सांगितले की 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या सिनेमातला स्टेशनचा प्रसंग आपट्याला घेतला. खरे आहे, गावाला अभिमानही आहे. पण गाडी? बाई म्हणाल्या, गॅझेटियर 1964 चे, त्यात मिळणार नाही, म्हणजे त्यानंतरची असणार. मग रेल्वेवरच्या पुस्तकात सापडले: 1966 साली आपट्यापर्यंत, आणि पुढे रोह्याला जायला 1986 उजाडले. वीस वर्षे आपटा शेवटचे स्टेशन होते. नातवाला त्याचीच मोठी गंमत वाटली.

आता या बाई निवृत्त झाल्या. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे, अनुदान मिळते, पण लहान वाचनालयात पगार तुटपुंजा, आणि असे काम जाणणारी व्यक्ती टिकत नाही. त्यांच्या जागी जो मुलगा आला तो भला आहे, पुस्तके देणे-घेणे, दिवे-पंखे, वर्गणी सगळे एकटाच पाहतो. संदर्भाच्या दालनात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका झाली आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. आपल्या वस्तीतलीही चार मुले तिथे बसतात, घरी एका खोलीत सहा माणसे असताना ती कुठे अभ्यास करणार? वाईट वाटते ते इतकेच की टेबलाशी बसून "कोणाला दाखवायचे आहे?" असे विचारणारे कोणी उरले नाही.

सध्या ते थोडेफार काम माझी नातच करते. शनिवारी घरी आली की ओटीवर शेजारच्या बाया कागद घेऊन बसतात. कोणाच्या दाखल्यावर कुलाबा निघतो, कोणाचे आडनाव बदललेले, कोणाच्या बापाची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. ती आधी विचारते, हे कुठे द्यायचे आहे? मग सांगते. गॅझेटियरचे कपाट अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीला हलवले आहे, किल्ली शिपाईदादांकडे असते, मागितली की देतात. झेरॉक्स मात्र बाहेर काढावी लागते.